सहीपुरती बहीण

शेलूच्या भावाला बहिणीची आठवण दरवर्षी एकदा येते, राखीला. आणि जन्मात एकदा येते, बिल्डर आला की.

पहिल्या आठवणीला बहीण लोकलने येते. दुसऱ्या आठवणीला भाऊ गाडी पाठवतो.

गाडी निघते बदलापूरहून, थांबते कर्जतला दुय्यम निबंधकाच्या दारात. वाटेत चांगल्या हॉटेलात नाश्ता होतो. भाचा कितवीत आहे, भाऊजींची शुगर किती, सासूबाईंच्या गुडघ्याचं काय झालं, सगळी विचारपूस होते. एवढी विचारपूस झाली की शहाण्या बहिणीने समजावं, कुठेतरी सातबारा बाहेर निघालाय.

कागद तयारच असतो. हक्कसोडपत्र. त्यात लिहिलेलं असतं की ही बाई कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने, भावांवरच्या प्रेमापोटी, एक पैसाही न घेता आपला हिस्सा सोडते आहे. हा मजकूर तिने सांगितलेला नसतो. बहुतेकदा तिने वाचलेलाही नसतो. राजीखुशी मात्र तिचीच.

अंगठा मशीनवर, चेहरा कॅमेऱ्यात. "ताई, जरा इकडे बघा." ताई बघते. साक्षीदार चुलतभाऊ. मुद्रांक काहीशे रुपयांचा. दुपारच्या जेवणाआधी काम फत्ते.

परतीला लोकल आहेच.

शेलू म्हणजे वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन. पूर्वी इथे उतरणारा माणूस गावचा असायचा, नाहीतर चुकून उतरलेला. आता फलाटावरूनच 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असे फलक दिसतात. पाच मिनिटं कोणाच्या पायांनी, ते फलकावर नसतं. भाताच्या खाचरांचा हिशेब मणांत व्हायचा तोवर बहिणींचा हिस्सा कोणाला आठवत नव्हता. हिशेब गुंठ्यांत होऊ लागला आणि वकिलाने सांगितलं, टायटल क्लिअर हवं.

बिल्डरला जमीन हवी असते. बहिणीचं अस्तित्व पहिल्यांदा मान्य करतो तो बिल्डरचा वकील.

आता ताईचा हा हक्क आला कुठून? आभाळातून नाही पडला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यातला वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मुलालाच ठेवला. मुलगा जन्मला की भागीदार. मुलगी जन्मली की पाहुणी.

महाराष्ट्राने देशाच्या आधी पाऊल टाकलं. २२ जून १९९४ पासून मुलगी मुलाच्या बरोबरीची. फक्त एक बारीक अट: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली बाहेर. म्हणजे २१ जूनला अक्षता पडल्या तर हक्क गेला, २३ जूनला पडल्या तर राहिला. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना ही तारीख कोणी कळवली नाही.

मग २००५. केंद्राने कायदा दुरुस्त केला, ९ सप्टेंबरपासून लग्न झालेली, न झालेली, सगळ्या मुली समान. विषय संपला?

छे. भाऊ संपवू देतील?

भावांच्या वकिलांनी नवा प्रश्न काढला: वडील ९ सप्टेंबर २००५ ला जिवंत होते का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाप आणि लेक दोघंही त्या दिवशी हयात हवीत. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात २००१ सालीच वारलेल्या बापाच्या मुलींना हिस्सा दिला. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायमूर्तींचे, दोन्ही बंधनकारक, दोन्ही परस्परविरुद्ध. देशभरच्या दिवाणी कोर्टांनी त्यातला सोयीचा तो घेतला.

शेवटी ११ ऑगस्ट २०२०. विनीता शर्मा खटला, तीन न्यायमूर्ती. मुलीचा हक्क जन्मानेच, बाप २००५ ला जिवंत असो वा नसो. मुलगीही जन्मालाच येते, हे ठरायला पंधरा वर्षं लागली.

त्याच निकालात न्यायालयाने एक जुनं वाक्य पुन्हा उद्धृत केलं. मुलगा बायको येईपर्यंतच मुलगा असतो, मुलगी मात्र जन्मभर मुलगी राहते, अशा अर्थाचं. म्हणजे हक्क मुलीला दिला आणि जाता जाता टोमणा सुनेला मारला. ती सून कोणाची तरी मुलगीच की! तिला हिस्सा कुठल्या तोंडाने मागायचा?

निकालात आणखी एक विनंती होती: रखडलेले दावे शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढा. त्या सहा महिन्यांचं पुढे काय झालं, ते कुठल्याही तालुका कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला विचारा. त्याला बोर्डावरच्या तारखा पाठ असतात.

एक गोष्ट मात्र न्यायालयाने पक्की केली. 'आबांनी हयातीतच तोंडी वाटप केलं होतं' हे सांगून आता सहजी सुटता येत नाही, सरकारी कागदाचा सज्जड पुरावा लागतो. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत किंवा कोर्टाने केलेलं वाटप तेवढं शाबूत. तोवर महाराष्ट्रातले सगळे मयत आबा फार बोलके होते.

भावाचं दुसरं हुकमी वाक्य: "लग्नात दिलं की तिचं. हुंडा दिला, सोनं घातलं, तोच तिचा हिस्सा." हुंडा देणं १९६१ पासून गुन्हा आहे. म्हणजे दिवाणी दाव्यातून सुटण्यासाठी हा गृहस्थ भर चावडीत फौजदारी गुन्हा कबूल करतो.

आणि कोणी पोलिसात जात नाही, कारण चावडीवरच्या सगळ्यांनी दिलेला असतो.

तिसरं वाक्य भाऊ बोलत नाही. ते आई बोलते. "माहेर तुटेल गं." माहेर म्हणजे दिवाळीला दोन रात्री मिळणारी मधली खोली आणि निघताना तांदळाची पिशवी. स्टेशनजवळच्या एकरातल्या चौथ्या हिश्शाचा भाव काढा आणि त्या खोलीतल्या रात्रींनी भागा. ताजमध्ये स्वस्त पडेल.

समजा, बहीण जिद्दीची निघाली. सही दिली नाही, दावा टाकला, जिंकली. पुढे?

पुढे मिळतो प्राथमिक हुकूमनामा. त्यात एवढंच लिहिलेलं असतं की तिचा चौथा हिस्सा आहे. चौथा हिस्सा कुठला? रस्त्याला लागून असलेला की ओढ्याकडचा? ते ठरवायला शेतजमिनीचं प्रकरण दिवाणी संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे, तिथून भूमी अभिलेखकडे. मग मोजणीची तारीख पडते. त्या दिवशी मोजणीदार येतो तर भाऊ आजारी असतो. भाऊ बरा होतो तर शेतात पाणी असतं. कर्जत तालुक्यात शेतात पाणी असायला निमित्त लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये खालच्या कोर्टांना सांगितलं, प्राथमिक हुकूमनामा दिल्यावर अर्जाची वाट बघत बसू नका, स्वतःहून पुढची तारीख लावून वाटप पूर्ण करा. उत्तम. आजवर बहीण जिंकल्यावरही पुन्हा 'मी जिंकले होते' असा अर्ज करायची, हे यातून रीतसर कळलं.

इतक्या उशिराला आपण नावं ठेवू नयेत. विक्रम आपलाच आहे. जगातला सर्वात लांबलेला खटला म्हणून गिनीज बुकाने पुण्याची नोंद केली. मालोजी थोरातांनी १२०५ साली दावा लावला, निकाल बाळासाहेब पाटलोजी थोरातांच्या बाजूने २८ एप्रिल १९६६ ला लागला. ७६१ वर्षं. दावा सुरू झाला तेव्हा देवगिरीला यादव होते आणि ज्ञानेश्वरी लिहायची होती.

आणि वाद कशाचा? जमिनीचा नव्हे. उत्सवात पहिला मान कोणाचा, याचा.

आता जरा तो सातबारा जवळून बघू. वरच्या भागात खातेदारांची नावं. जुन्या उताऱ्यावर बहुधा एकच नाव, थोरल्या भावाचं, आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे भाऊ मॅनेजरच्या पोटात. बहिणी? खाली बघा, 'इतर हक्क' नावाच्या रकान्यात. तिथे कोण कोण राहतं? सोसायटीचा कर्जाचा बोजा, विहिरीतला पाण्याचा हिस्सा, वहिवाटीची पायवाट, कुठल्या तरी कायद्याखालचा विक्रीचा निर्बंध. आणि या सगळ्यांबरोबर सुमन, कुसुम आणि मंदा.

बोजा फेडला की कमी करता येतो. सुमन, कुसुम, मंदा कमी करायला हक्कसोड लागतं. तलाठ्याच्या लेखी फरक तेवढाच.

कित्येक उताऱ्यांवर तर खुद्द मॅनेजरही वारलेला असतो. २०२५ मध्ये महसूल खात्याने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयतांची नावं काढून वारसांची लावायला. चांगलं केलं. तोवर महाराष्ट्रातली बरीच शेती कागदोपत्री मेलेलीच माणसं करत होती, पीककर्जही त्यांच्याच नावावर थकत होतं.

बाकी महिन्याला दीड हजार रुपये घेणारी लाडकी बहीण वेगळी. ती वरच्या रकान्यात बसत नाही.

कोणी म्हणेल, हे आपल्याकडचंच मागासलेपण. साहेबाच्या देशात असं नसतं.

नसतं कसं? फेब्रुवारी २०२३, इंग्लंडचं हायकोर्ट. एका पंजाबी आजीने ६६ वर्षं संसार केला, नवऱ्याच्या कपड्यांच्या धंद्यात राबली. आजोबा गेले आणि मृत्युपत्र उघडलं तर सगळी मिळकत दोन मुलांना. आजीला शून्य, मुलींना शून्य. मिळकत पुरुषांच्याच वंशात राहावी, ही आजोबांची इच्छा. सातासमुद्रापार गेले, पासपोर्ट बदलला, वंशाचा दिवा सामानातून घेऊनच गेले.

न्यायमूर्तींनी फार घोळ घातला नाही. निव्वळ मिळकतीतला अर्धा वाटा आजीला देऊन मोकळे झाले. कारण तिथे १९७५ चा एक कायदा आहे: मृत्युपत्रात वगळलेली बायको, मुलं, आश्रित कोर्टात जाऊन 'आमची रास्त सोय लावा' म्हणू शकतात आणि कोर्ट मेलेल्या माणसाचं मृत्युपत्र बाजूला सारू शकतं.

आपल्याकडे? हिंदू माणूस स्वकष्टाची मिळकत मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्सासुद्धा. बायकोला वगळलं तर तिने मिळकत मिळालेल्या मुलांकडे पोटगी मागायची. म्हणजे ज्यांना भरवलं त्यांच्याच दारात ताट घेऊन उभं राहायचं, तेही कायद्याने.

तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात मात्र पोर्तुगिजांची रीत टिकली. नवरा-बायकोची मिळकत साधारणतः अर्धी-अर्धी, आणि मुलांच्या सक्तीच्या हिश्शाला मृत्युपत्राने हात लावता येत नाही. इंग्रजाने आपल्याला रेल्वे दिली, क्रिकेट दिलं, मृत्युपत्राचं स्वातंत्र्य दिलं. त्यावरचा ब्रेक तेवढा स्वतःच्या घरी ठेवला.

साहेबाच्या कोर्टातली आणखी एक कथा शेलूच्या भावाला आवडेल. गेस्ट विरुद्ध गेस्ट, २०२२. मुलगा तीसेक वर्षं बापाच्या दुग्धशाळेत तुटपुंज्या पगारावर राबला, 'हे सगळं एक दिवस तुझंच' या शब्दावर. बापलेकांचं बिनसलं, बापाने मृत्युपत्र बदललं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं: शब्द दिलात, त्यावर त्याने उमर घालवली, आता शब्द पाळा. एक तर शेत विश्वस्तांकडे द्या, नाहीतर पैसे आत्ताच मोजा, लवकर मिळतात म्हणून थोडे कापून.

गावात राहिलेल्या भावाचंही म्हणणं असतंच. बांध त्याने घातले, चिखलणी त्याने केली, म्हाताऱ्यांना दवाखान्यात त्यानेच नेलं, त्याच्या बायकोने अंथरुणात सगळं केलं. खरं आहे. या कष्टाची किंमत कुठेतरी मांडायलाच हवी. पण मग ती कोर्टासमोर मांडा, वाटणीत वळती मागा. बहिणीला अंधारात ठेवून, नाश्ता खाऊ घालून का वसूल करता?

आणि राबलेल्या त्या सुनेचा वाटा कुठे आहे? तो प्रश्न भाऊही विचारत नाही, बहीणही नाही.

साहेबाकडे विनोदही घडतात. एका गृहस्थाने मासळीच्या आणि मिठाईच्या रिकाम्या खोक्यांवर मृत्युपत्र लिहून मिळकत मधुमेहाच्या संस्थेला दिली. दोन खोकी, एकच मृत्युपत्र? कोर्ट म्हणालं, हो, चालेल. आपल्याकडेही मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. तरी आपले लोक लिहीत नाहीत. मृत्युपत्र लिहिलं की मरण येतं, अशी समजूत.

न लिहिल्याने ज्याचं टळलं, अशा माणसाचा पत्ता अजून कोणी दिलेला नाही.

आणि वकील? डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, खटला जिंकल्याबद्दल वकिलाला कबूल केलेलं जादा शुल्क मयताच्या मिळकतीतून वसूल करता येणार नाही. खालच्या कोर्टाने एका मुलीला त्यापोटी १६,७५० पौंड दिले होते, ते गेले. आपल्याकडे निकालावर बेतलेली फी घ्यायला वकिलांना बंदीच आहे. आपली फी तारखेवर असते. त्यामुळे निकालाची घाई कोणालाच नसते.

वारस कोण, हे आपल्याकडे सिद्ध कसं करतात? वारस दाखल्याने. तो दाखला महाराष्ट्रातली कोर्टं आजही देतात ते १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली. एल्फिन्स्टनसाहेबाच्या काळातला कायदा, बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटायच्या २६ वर्षं आधीचा. मध्ये कंपनी गेली, राणी गेली, साम्राज्य गेलं. रेग्युलेशन कामावर हजर.

परळजवळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. पण ते स्टेशन होतं दुसऱ्या एल्फिन्स्टनच्या नावाचं, पहिल्याच्या पुतण्याच्या. म्हणजे पुतण्याचं नाव पुसलं, काकाचा कायदा चालू आहे.

महाराष्ट्रात काका-पुतण्यांच्या वारशाबद्दल याहून जास्त न बोललेलं बरं. पक्षचिन्हांचे निकाल निवडणूक आयोग देतो, अपील दिल्लीत असतं, आणि तारीख पुढची.

त्याच स्टेशनाच्या आसपास गिरण्या होत्या. आणि गिरण्यांमुळे शेलूत वारसांचं दुसरं प्रकरण आलंय. हे शेतकऱ्यांच्या वारसांपेक्षा मोठं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांनी संप पुकारला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच नाही. गिरण्या मात्र मागे गेल्या, जमीन पुढे आली. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर, ऐन मुंबईत. १९९१ च्या नियमाने वाटप ठरलं: एक तृतीयांश महापालिकेच्या मैदानांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, एक तृतीयांश मालकाला. तीन भाऊ, सारखी वाटणी. कसं छान!

२००१ मध्ये सरकारने नियम दुरुस्त करून वाटणी फिरवली. वाटायची ती फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन, शेड पाडून मोकळी होणारी नव्हे. गिरणीत मोकळी जमीन कितीशी असणार? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मालकांच्या विरोधात निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम केली. गावातला भाऊ निदान बहिणीची सही घ्यायला गाडी पाठवतो. इथे कोणी पानही खाऊ घातलं नाही.

मग कामगारांना घरं किती मिळाली? २०१२ ते २०२० च्या सोडतींत मिळून १५,८७०. अर्जदार दीड लाखाच्या आसपास, कामगार आणि वारस. आता कामगार कमी, वारसच जास्त. चार दशकं हा उपाय सरकारला फार मानवला: प्रश्न सुटत नाही, पण प्रश्न विचारणारा सुटतो.

उरलेल्यांचं काय? सरकारने नकाशा काढला, बोट खाली सरकवत नेलं, आणि ठेवलं शेलू-वांगणीवर. ८१,००० घरं. कामगाराने भरायचे साडेनऊ लाख. लालबाग-परळचा माणूस, सीएसएमटीहून ऐंशीएक किलोमीटर, लोकलने दोन तास, बसायला जागा मिळाली तर.

शिवाय शासन निर्णय, १५ मार्च २०२४ चा. त्यातलं कलम १७ असं, की जो हे घर नाकारेल त्याचा घराचा हक्कच संपेल.

ओळखलंत? हेच ते हक्कसोडपत्र. फक्त सरकारने स्वतःच लिहून स्वतःच सही केलेलं. राजीखुशी तुमची.

यावेळी बहिणीने मात्र ऐकलं नाही. ९ जुलै २०२५ ला म्हातारे कामगार, त्यांच्या विधवा, पोरं आझाद मैदानावर जमली. आम्हाला मुंबईतच घर द्या, शेलू नको. विरोधी पक्षांचे पुढारी धावत आले. त्यातल्या काहींच्या राज्यातही गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले होते, पण मोर्चात जुना सातबारा काढायची पद्धत नसते. सरकारने कलम १७ मागे घेण्याची घोषणा केली.

या गदारोळात शेलूला कोणी विचारलं का? आमच्या गावाचं नाव 'नको'च्या आधी घेतात, यात आमचं काय चुकलं? इथे पाणी टँकरने येतं तेव्हा मोर्चा निघत नाही. मुंबईला नको असलेलं सगळं मध्य रेल्वेच्या टोकाला येतं. आधी कारखाने, मग सेकंड होम, आता वारस.

आणि समजा कोणी आलंच राहायला. एका मयत कामगाराचे चार वारस, घर एक, सोडत एक. घर कोणाच्या नावावर करायचं? बाकी तिघांची संमती लागणार. त्यात एखादी बदलापूरला दिलेली असणारच.

शेलूच्या डोंगराकडच्या वाड्यांमधून या भानगडी नाहीत. ठाकूर, कातकरी. वारशात द्यायला बहुतेकांकडे काही नाहीच. ज्यांना वनहक्क कायद्याने पट्टा मिळाला, त्यांच्या पट्ट्याबद्दल २००६ च्या त्या कायद्यातच लिहिलंय: वारसाने जाईल, विकता येणार नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. जे गावातल्या शिकलेल्या घरांना सत्तर वर्षांत सुचलं नाही, ते जंगलातल्या कागदावर पहिल्या दिवसापासून आहे.

म्हणून आदिवासी मुली सुटल्या असं नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. मग मुलीला वाटा कुठून? रूढीतून. रूढी कोण सांगणार? चुलते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाचं प्रकरण आलं. नातवंडांनी आपल्या आईचा तिच्या बापाच्या जमिनीतला हिस्सा मागितला होता. खालची कोर्टं म्हणत आली, मुलींना वाटा देण्याची रूढी तुमच्यात आहे हे तुम्ही सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने चेंडू फिरवला: मुलींना वाटा न देण्याची रूढी असेल, तर ती दाखवायची जबाबदारी मामांकडच्यांची. दाखवता आली नाही. मिळाला हिस्सा.

हा निकाल आमच्या ठाकूरवाडीत कोण वाचून दाखवणार? तलाठी? २०२४ मध्ये सरकारने त्याचं पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. पाट्या रंगवल्या, शिक्के बदलले. उताऱ्यावर सुमन, कुसुम आणि मंदा अजून खालच्याच रकान्यात, सोसायटीच्या बोज्याशेजारी. बोज्यावर निदान व्याज तरी चढतं.